डावा खांदा, अर्ध्या बोटाने

सोळा सदरे लांब टेबलावर उलटे करून मांडले होते, प्रत्येकाला नुसता क्रमांक टाचलेला. कुठला कुणाचा, हे फक्त साहेबमामांच्या कागदावर होतं. तो कागद त्यांनी घडी करून चष्म्याच्या घरात ठेवला होता, आणि चष्म्याचं घर विजारीच्या मागच्या खिशात.

"मामा, फुटेल ते," ताईचा धाकटा भाऊ म्हणाला.

"फुटू दे. चष्मा डोळ्यांवर आहे. आणि या घरात कागद उघडा ठेवावा इतका विश्वास मला तरी कुठे दिसत नाही."

आईचे हे भाऊ तीस वर्षं शाळा तपासत फिरले होते. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. आजही वर्गात पाऊल टाकताच त्यांनी आधी खिडक्या मोजल्या, मग बाकं, आणि कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याकडे बघून विचारलं, "हा हजर की गैरहजर?" पुतळ्याला वर्गात सगळे नवरदेव म्हणत. रोज नवा सदरा अंगावर, आणि तोंडातून शब्द नाही.

एरवी ताई हसली असती. आज ती फळ्याजवळच्या स्टुलावर ताठ बसून होती, हात मांडीवर एकावर एक. मास्तर, म्हणजे तिचे वडील, गेले तेव्हापासून अकरा वर्षं हा शिवणवर्ग तिने चालवला होता. तिच्या सकाळच्या तुकडीत आठ जणी. मास्तरांची रीत तीच तिची रीत: आधी बाईंनी फळ्यावर रेघ मारायची, मग मुलींनी कागदावर, मग कापडावर. रेघ चुकली की पुढची रेघ नाही. 'बघा, ऐका, मग हात लावा,' हे वाक्य तर गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं.

आणि सहा महिन्यांपासून संध्याकाळची दुसरी तुकडी होती, धाकटीची. धाकट्याची बायको. शिक्षणशास्त्र शिकून आलेली, मास्तर गेल्यावर पाच वर्षांनी या घरात आलेली. तिच्या तुकडीत फळा कोराच असे. जुना कपडा हातात द्यायचा, टाके उसवायला लावायचे, तुकडे जमिनीवर पसरायचे, आणि विचारायचं, 'हे असं का कापलं असेल?' उत्तर द्यायचं नाही. मुलींनी भांडावं, चुकावं, पुन्हा मोजावं.

"याला शिकवणं म्हणत नाहीत. पोहायला येत नाही त्याला विहिरीत ढकलणं म्हणतात," ताई म्हणाली होती.

"काठावर उभं राहून हातवारे पाठ केल्यानंही पोहता येत नाही, ताई," धाकटी म्हणाली होती. आवाज न चढवता. ताईला तेच अधिक लागलं होतं.

दोन्ही तुकड्या आपापल्या परीने चालल्या असत्या. पण तयार कपड्यांच्या कारखान्याने कळवलं: मुली घेऊ, पण एकच अभ्यासक्रम पाहिजे, एकच प्रमुख पाहिजे, नाव उद्यापर्यंत द्या. म्हणून काल ही परीक्षा झाली. सगळ्यांना सारखं कापड, सारखा वेळ, आणि नवरदेवाच्या मापाचा सदरा. आज ज्या तुकडीचे सदरे सरस, तिच्या बाईचं नाव कागदावर जाणार. दुसरीने काय करायचं, हे कुणी बोललं नव्हतं. धाकटीला निदान शाळेत नोकरी मिळाली असती. ताईला फळा सोडून दुसरं काही येत नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

आई दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. सकाळची प्रार्थना झाली की दुपारपर्यंत कुणाला उणा शब्द बोलायचा नाही, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. त्यामुळे सकाळी ती फार बोलतच नसे. आज तर तिने 'या' आणि 'बसा' एवढंच म्हटलं होतं.

मामा एकेक सदरा नवरदेवाला चढवत होते, मागे सरून बघत होते, गुण मांडत होते. नवव्या सदऱ्याला त्यांनी मान हलवली. "वा. कॉलर बघा कशी बसलीय! हाताला समज आहे." अकराव्यालाही तेच. तेराव्यालाही.

ताईने त्या सदऱ्यांचे टाके ओळखले. आपल्या मुलींचे नव्हेत. माझ्या मुली असे मोकळे टाके घालत नाहीत, तिच्या मनात आलं. पण कॉलर खरंच सुरेख बसली होती.

मग तिला ते दिसलं.

ती उठली. नवरदेवाच्या समोर गेली, एक डोळा मिटून खांद्यांच्या रेषेकडे बघितलं. टेबलावरचा एक सदरा उचलला, मधोमध दुमडून खांद्यावर खांदा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

"मामा, थांबा. गुण मांडू नका."

"का गं? काय झालं?"

"या सदऱ्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्ध्या बोटाने खाली आहे. याचा. याचा. आणि याचाही."

मामांनी चष्मा कपाळावर नेला, सदरा नाकाशी आणला. "आहे खरा. बारीक आहे, पण आहे. चुकल्या असतील बिचाऱ्या."

"एक चुकली तर चूक. सगळ्या एकाच जागी, एकाच बाजूला, एवढ्याच मापाने चुकल्या तर?" ताईचा आवाज बारीक झाला होता. "बाबांचा जुना खाका, सदरा बेतायचा कागद, असाच होता. डावा खांदा अर्ध्या बोटाने खाली. तो कागद पेटीत आहे, बाबांच्या इतर कागदांबरोबर. माझ्या मागे कुणीतरी पेटी उघडलीय."

मामांनी सदरा टेबलावर ठेवला.

"एक मिनिट," मामा म्हणाले. "म्हणजे मास्तर चुकीचं शिकवत होते?"

हे ताईला बोलायचं नव्हतं. अकरा वर्षं बोलली नव्हती. "बाबांनी तरुणपणी गिरणीत डाव्या खांद्यावर गठ्ठे वाहिले होते. तो खांदा उतरला तो उतरलाच. खाका त्यांनी स्वतःच्या अंगावर बेतला, आणि तोच जन्मभर फळ्यावर काढला. मी वर्ग घेतला तेव्हा गुपचूप सरळ केला. पाटीवर 'मास्तरांची पद्धत' तशीच ठेवली. पण मुद्दा तो नाही, मामा. मुद्दा असा की हिच्या मुलींनी स्वतः काहीही शोधलेलं नाही. त्यांना खाका दिलाय. छापील उत्तर हातात, आणि तोंडाने 'का असेल बरं?'"

मामांनी मागच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, कागद उघडला, क्रमांक ताडून पाहिले. सगळे उतरते सदरे धाकटीच्या तुकडीचे निघाले.

धाकट्याने बायकोकडे बघितलं. औषधांच्या दुकानात उभं राहून उभं राहून त्याला एक सवय लागली होती: समोरचा माणूस जुनी चिठ्ठी नवी म्हणून दाखवतोय का, ते डोळ्यांत ओळखायचं. आत्ता त्याने तेच केलं, आणि बायकोने नजर खाली घेतली. गेल्या महिन्यात ती दोनदा आईच्या खोलीतून काहीतरी पदराआड घेऊन आली होती. विचारलं तर म्हणाली, 'वर्गाचं आहे.' पेटीची किल्ली आईच्याच खोलीत असते.

"अगं, बोल ना," तो म्हणाला. "तू घेतलास का कागद?"

"नाही."

"मग आईच्या खोलीतून काय आणत होतीस?"

"वा!" धाकटी त्याच्याकडे वळली. "पहारा होता म्हणायचा माझ्यावर. ताईंचा असेल असं वाटत होतं. घरातच निघाला."

"सरळ उत्तर दे."

"कागद घेतला नाही, हे सरळ उत्तर आहे. दुसरं मी सांगणार नाही."

"बघा! मुलींना प्रश्न विचारायला शिकवते, आणि स्वतःला विचारला की कुलूप," ताई म्हणाली.

"माझ्या मुलींचं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही, ताई," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज हलत होता. "आठ जणींनी आठ कपडे मोजले. आठही कपड्यांत डावा खांदा खाली निघाला. मी त्यांना तीनदा मोजायला लावलं. मला वाटलं, हा नियमच आहे. हृदय डावीकडे असतं, म्हणून माणसाची ती बाजू जरा झुकत असेल, असंही एकीने मांडलं. मला किती आनंद झाला होता तेव्हा!"

"आठांत आठ?" मामा म्हणाले. "कुठले कपडे होते हे?"

 या वेळी, न ठरवता, धाकटीची नजर दाराकडे, आईकडे गेली. क्षणभरच. पण धाकट्याने ती पकडली.

आईने ती पाहिली, आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. पोरगी शब्दाला जागतेय, तिच्या मनात आलं. मीच म्हटलं होतं, मोठीला कळू देऊ नकोस. आता हिच्यावर चोरीचा आळ येतोय आणि मी नेमाच्या आड बसलेय. उणा शब्द बोलायचा नाही म्हणजे खरा शब्द गिळायचा, असं देवाने कधी सांगितलं होतं?

 ती खुर्चीतून उठणार, तोवर ताई पुन्हा टेबलाशी गेली होती.

"सात," ती म्हणाली.

"काय सात?"

"उतरते सदरे सातच आहेत. हिच्या तुकडीचा आठवा सरळ आहे." तिने तो आतून उलगडला. खांद्यावर खडूची एक उतरती रेघ होती. ती खोडून वर दुसरी, सरळ. शिवण सरळ रेघेवर. "ही बाई खाक्याप्रमाणे रेघ मारून मग थांबलीय. हिला ठाऊक आहे की खाका चुकीचा आहे. मामा, हा कुणाचा?"

मामांनी कागदावर बोट फिरवलं. "सिस्टर."

दवाखान्यात काम करणारी, रात्रपाळीला जाण्याआधी संध्याकाळी वर्गाला येणारी बाई. तिला सगळे सिस्टरच म्हणत. निकाल ऐकायला आलेल्या बायका बाहेरच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांत ती होती.

"बोलवा तिला," ताई म्हणाली. "मी विचारायला नको. मामा, तुम्हीच विचारा."

सिस्टर आत आली. चाळिशीची, ठेंगणी, चपला दाराशी काढताना चार चेहरे वाचून घेणारी. "कुणाची तब्येत बिघडलीय?" तिने विचारलं.

"घराची," मामा म्हणाले. "खरं सांग बाई. तुम्हाला कागदी खाका कुणी दिला?"

"खाका? आम्हाला कुठला खाका? आमच्या बाईंना विचारलं की 'सुई कुठे आहे' तरी म्हणतात, 'तुम्हाला काय वाटतं?'" ती हसली. कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबली. "आम्ही सदरे उसवले. त्यावरून माप घेतलं."

"कुणाचे सदरे?" ताई म्हणाली.

"ते आम्हाला सांगितलं नाही. कपाटात आहेत, दाखवते की."

"सिस्टर, राहू द्या," धाकटी म्हणाली. पण सिस्टर बाकामागच्या कपाटाशी पोचली होती. तिने एक गाठोडं आणून टेबलावर सोडलं. आठ सदऱ्यांचे तुकडे. पाठी वेगळ्या, बाह्या वेगळ्या, कॉलरी वेगळ्या, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी. पांढरं सुती कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

ताईने एक बाही उचलली. मनगटाशी निळसर डाग होता. खडूचा, कधीच न निघालेला.

 ती बाही हातात धरून राहिली.

सिस्टरला वाटलं, हीही परीक्षाच आहे. ती उत्साहाने सांगू लागली. "सात जणींना वाटलं, हा नियम. मला वाटलं, हा माणूस. सदरे आठ, पण अंग एकच. आम्ही रोज माणसं उचलतो ना, कुणाची कुठली बाजू झुकलीय ते हाताला कळतं. हे बघा, उजवी बाही कोपराजवळ जास्त झिजलीय, म्हणजे टेबलावर टेकून काम करणारे. खिशाच्या पट्टीला टाचण्यांची भोकं. आणि या दोन सदऱ्यांत पाठ जास्त वाकलीय, हे शेवटचे असणार. गृहस्थ आहेत का हो आता?"

"नाहीत," आई म्हणाली.

सगळे वळले.

"मी दिले ते सदरे. पेटी कुणी उघडली नाही, कागद कुणी घेतला नाही. हिने मागितलेही नव्हते. उसवायला जुने कपडे मिळत नाहीत म्हणाली, मी दिले. आणि मोठीला सांगू नकोस म्हणून हिला शपथ घातली." आईचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "आळ घ्यायचा तर माझ्यावर घ्या."

"आई," ताई म्हणाली. "बाबांचे सदरे. तू. उसवायला."

"हो."

"मला विचारावंसं नाही वाटलं? का? ही बरोबर आणि मी चूक, असं ठरवूनच टाकलंस? मग परीक्षेचं नाटक कशाला? मामांना एवढ्या लांबून कशाला आणलं?"

"अक्का, हे मात्र खरं," मामा पुटपुटले. "गाडीत उभं राहून आलो मी."

आई उठून आत आली. ताईच्या समोर नाही, जरा बाजूला उभी राहिली. "मला शिकवण्यातलं काही कळत नाही. तुझं बरोबर की हिचं, देव जाणे. पण माझी खोली या भिंतीपलीकडे आहे. रोज सकाळी तू शिकवतेस ना, तेव्हा त्यांचं वाक्य त्यांच्याच चालीवर म्हणतेस. 'बघा, ऐका, मग हात लावा.' त्यांच्यासारखाच 'मग'वर जोर. त्यांच्यासारखीच खडू आपटतेस. अकरा वर्षं मी भिंतीपलीकडे त्यांना ऐकतेय, आणि दार उघडलं की ते नाहीत. आणि तूही नाहीस गं. माझी मुलगी कशी बोलते, तेच मी विसरले."

ताईचा चेहरा तसाच होता. फक्त बाही धरलेली मूठ आवळली.

"सदरे तरी हलावेत कपाटातून, एवढंच वाटलं. कुणाच्या उपयोगी पडावेत. तुझ्याविरुद्ध काही नव्हतं माझ्या मनात."

"तुझ्या मनात नव्हतं," ताई म्हणाली. "पण मला कळू नये, हे होतं."

 आईने मान खाली घातली.

धाकटा बायकोजवळ सरकला. "तू मला तरी सांगायचंस."

"तुम्ही तरी विचारताना आधी चोर ठरवायचं नव्हतंत," ती पुटपुटली, आणि त्याच्यापासून दोन पावलं दूर, टेबलाच्या ताईकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मामांनी घसा साफ केला. "भावना बाजूला. नियमाने सांगतो. पुतळा सरळ, सात सदरे वाकडे. लबाडी नाही, पण चूक आहे. एकाच माणसाचे आठ कपडे मोजून जगाचा नियम काढला, आणि बाईंनी तो ताडून पाहायला दुसरा माणूस दिला नाही. ढकललं विहिरीत, पण विहीर एकच. निकाल मोठीच्या बाजूने." त्यांनी पेन उघडलं. "लिहू?"

ताई जिंकली होती. सकाळपासून तिला हेच हवं होतं. आता ते हातात आलं, तर तिला वाटलं, कागदावर माझं नाव जाईल आणि उद्या सकाळी पुन्हा बाबाच बोलतील.

"बाई," सिस्टर मध्येच म्हणाली. तिला निकालाचं काही नव्हतं. तिचं लक्ष तिच्या सदऱ्याकडे होतं. "सातच वाकडे नाहीत, माझा आठवाही चुकलाय. नवरदेवाला घालून बघा. डावी बाही ओढते. खांदा वर घेतला, तरी ओढते. काल वेळ संपली, कळलंच नाही का ते."

ताईच्या पायांनी तिला फळ्यापाशी नेलं. हाताने खडू उचलला. वाक्य जिभेवर तयार होतं, चालीसकट. बघा, ऐका... तिने आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटले होते, कुणीतरी मारणार हे ठाऊक असलेल्या माणसासारखे.

ताईने खडू खाली ठेवला.

सिस्टरचा सदरा तिने स्वतः नवरदेवाला चढवला, डाव्या बाहीच्या सुरकुत्यांवर तळहात फिरवला.  तिला सांगायला येत होतं. विचारायला कधी आलंच नव्हतं.

"कुठून ओढते?" शेवटी ती म्हणाली.  "बोट ठेव."

सिस्टरने काखेच्या वर, बाही जोडतात त्या मुंढ्याच्या गोल शिवणीवर बोट ठेवलं. "इथून."

"खांदा वर नेलास, तेव्हा आणखी काय काय हललं?"

सिस्टर विचारात पडली.  ओट्यावरच्या बायकांची कुजबुज ऐकू येत होती. धाकटीला राहवेना. उत्तर तिला आत्ताच, याच क्षणी उमगलं होतं. "अहो सिस्टर, मुंढा बघा ना, मुंढा मोठा—"

"थांब गं," ताई मागे न बघता म्हणाली. "सांगू नकोस तिला."

धाकटीने तोंडावर हात ठेवला. मामांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, मग पेनाकडे. "अरे, मी लिहू तरी काय? प्रमुख कोण?"

"ताईंचं नाव लिहा," धाकटी हाताआडून म्हणाली. "माझे सात वाकडेच होते. पण संध्याकाळची तुकडी माझ्याकडे राहील, आणि ताईंनी एकदा तरी येऊन बसायचं."

"पहारा द्यायला?" ताईने विचारलं.

"पहारा तर तुम्ही देणारच. बसून द्या."

मामांनी नाव लिहिलं. सही आईची हवी होती. ती करायला ती टेबलाशी आली, पण पेन हातात घेऊन नवरदेवाकडेच बघत राहिली.

सिस्टरने बोटाने मुंढ्याची गोलाई मोजली. मग बाहीची. पुन्हा मुंढ्याची. "खांदा वर गेला, म्हणजे मुंढा मोठा झाला," ती सावकाश म्हणाली. "आणि बाही होती तेवढीच राहिली."

"मग?" ताई म्हणाली.

आईने झटकन मान वर केली. हा 'मग' तिने या वर्गातून कधीच ऐकला नव्हता. यावर जोर नव्हता. हा जरा घाबरलेला होता, आणि पुढचं खरोखरच ठाऊक नसल्यासारखा वाट बघत होता.